सरकारचें धोरण आणि प्रसिद्धीचे कारभारी

श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केलें तेव्हां तिचा भाऊ रुक्मी अशी प्रतिज्ञा करून निघाला कीं, कृष्णाचा वध करून बहिणीला परत आणल्यावांचून कुंडिनपुरांत पाऊल टाकणार नाहीं. युद्धांत तो हरला, त्याची विटंबना झाली, आणि परत जाण्यास तोंड न उरल्यामुळें त्यानें भोजकट नांवाचें नवें नगर वसवून तेथेंच वास्तव्य केलें. हें भोजकट म्हणजेच अमरावतीजवळची आजची भातकुली, असें परंपरा मानते, व कांहीं संशोधकांनींहि तसें प्रतिपादन केलें आहे. झाला होता पराभव. परंतु प्रजेला दाखवावयास नवी राजधानी होती. रुक्मीच्या पदरीं कोणी चतुर सचिव होता असें पुराणें सांगत नाहींत. असता, तर नगर-स्थापनेचा समारंभ झाला असता आणि हरलेल्या लढाईचा उल्लेख समारंभाच्या वृत्तांतांत सांपडला नसता.

त्याच भोजकटाचें नांव इतिहासांत दुसऱ्या एका ठिकाणीं येतें. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें पांचव्या शतकांत एक हजार ब्राह्मणांना चर्मांक गांव दान दिलें. तें गांव भोजकट-राज्यांत होतें, आणि त्या दानाचा ताम्रपट अचलपुराजवळच्या चम्मक येथें सांपडला. ताम्रपटांत राजाची वंशावळ आहे, पूर्वजांची भरपूर स्तुति आहे. म्हणजे राजाची प्रसिद्धि करणारा लेखक तेव्हांहि होता. पण त्या लेखाचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. दान कोणत्या अटींवर दिलें तें त्याच पत्र्यांवर स्पष्ट कोरलेलें आहे. दान घेणाऱ्यांनीं राज्याविरुद्ध कारस्थान करूं नये, चोरी करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. केल्यास राजा तें गांव परत घेईल आणि तसें घेणें ही चोरी ठरणार नाहीं. स्तुति आणि शर्त एकाच धातूवर, सारख्याच अक्षरांत. पुढील विवेचनांत ही गोष्ट उपयोगी पडेल.

आजच्या राज्यकर्त्यांजवळ ताम्रपट नाहीं, वृत्तपत्र आहे, नभोवाणी आहे, दूरचित्रवाणी आहे आणि आतां तर प्रत्येकाच्या खिशांत भ्रमणध्वनि आहे. धोरण मंत्रिमंडळ ठरवितें. परंतु तें लोकांच्या कानीं कोणत्या शब्दांत, कोणत्या दिवशीं आणि कोणत्या आकड्यासह पडावें, हें ठरविणारा एक निराळाच वर्ग राज्यकर्त्यांच्या निकट तयार झाला आहे. कोणी त्यास माहिती-सल्लागार म्हणतात, कोणी प्रसिद्धि-अधिकारी. जुन्या भाषेंत त्यास कारभारी म्हणणें योग्य होईल. फरक इतकाच कीं, हा खजिन्याचा कारभारी नसून शब्दांचा कारभारी आहे.

हा मनुष्य बहुधा वृत्तपत्राच्या कचेरींतूनच आलेला असतो, आणि तें साहजिकहि आहे. दाराची कडी कशी निघते हें घरांत राहिलेल्यास जितकें ठाऊक, तितकें बाहेरच्यास नसतें. इंदिरा गांधींचे माहिती-सल्लागार बी. जी. व्हर्गीज हे पत्रकार होते. शारदा प्रसाद हे नियोजन मंडळाच्या ‘योजना’ पत्राचे संपादक होते. २००४ सालीं डॉ. मनमोहनसिंग यांच्याकडे गेलेले संजय बारू हे एका अर्थविषयक दैनिकाचे संपादक होते. इंग्लंडांत टोनी ब्लेअर यांचे विश्वासू अलॅस्टेर कॅम्पबेल हेहि वृत्तपत्रांतलेच. सप्टेंबर २००२ मध्यें इराकसंबंधीं ब्रिटिश सरकारनें जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तींत पंचेचाळीस मिनिटांत संहारक शस्त्रें सज्ज होऊं शकतात असें विधान होतें, आणि दुसऱ्या दिवशींच्या मथळ्यांनीं तेवढेंच विधान उचललें. तीं शस्त्रें पुढें सांपडलीं नाहींत. २००४ च्या हटन चौकशीनें सरकारला दोष दिला नाहीं. परंतु २०१६ च्या चिलकॉट अहवालानें, जी निश्चिति पुराव्यांत नव्हती ती शब्दांत आणली गेली, असा स्पष्ट ठपका ठेवला. मधल्या काळांत युद्ध होऊन गेलें होतें.

सत्तेनें दंडुका उगारला तर काय होतें, हें या देशानें १९७५ सालीं पाहिलें. २५ जूनच्या रात्रीं दिल्लींतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, दुसऱ्या दिवशीं पूर्व-नियंत्रण आलें, आणि २८ जून रोजीं माहिती-खातें विद्याचरण शुक्ल यांच्या हातीं गेलें. चार वृत्तसंस्था मोडून फेब्रुवारी १९७६ मध्यें ‘समाचार’ नांवाची एकच संस्था करण्यांत आली. मित्र, शत्रु आणि तटस्थ अशा तीन वर्गांत वृत्तपत्रांची प्रतवारी करून त्यानुसार सरकारी जाहिराती वांटल्या गेल्या, हें पुढें शहा आयोगासमोर उघड झालें. या काळाबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून येथें विस्ताराचें कारण नाहीं. एवढेंच सांगावयाचें कीं, दंडुका दिसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध उभें राहतां येतें. दुर्गाबाई भागवतांना कराडच्या साहित्य-संमेलनांत उभें राहतां आलें तें त्यामुळेंच. गोड शब्दांत गुंडाळलेला आकडा मात्र दिसत नाहीं. वऱ्हाडचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशीं अधिक आला आहे.

१ जुलै २००६ रोजीं विदर्भाचा दौरा आटोपून पंतप्रधानांनीं सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची घोषणा केली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. कापूस पिकविणाऱ्यांच्या आत्महत्यांनीं देश हादरला होता, आणि मदतीची गरज खरी होती, याबद्दल वाद नाहीं. दुसऱ्या दिवशीं भातकुलीच्या पारावर जें वर्तमानपत्र पोंचलें त्यावर एकच आंकडा ठळक होता : ३,७५० कोटि रुपये. पारावर बसलेल्या मनुष्यानें तो आंकडा वाचून स्वतःच्या कर्जाचा विचार करावा, हें अगदीं स्वाभाविक आहे. सहा जिल्हे, इतके कोटि; तेव्हां आपल्या वांट्यास कांहीं तरी येणारच.

आतां हा आंकडा कशाचा बनला होता तें पहावें. त्यांतील सुमारे २,१७७ कोटि रुपये मोठ्या, मध्यम व लहान पाटबंधाऱ्यांची कामें पुरीं करण्यासाठीं होते. म्हणजे शंभरांतले अठ्ठावन्न रुपये धरणांचे, कालव्यांचे, मातीचे आणि सिमेंटचे. थकलेल्या व्याजाच्या माफीसाठीं ७१२ कोटि, पाणलोटाच्या कामांसाठीं २४०, फळबागांसाठीं २२५, बियाणें बदलण्यासाठीं १८०, जोडधंद्यासाठीं १३५, ठिबक व तुषार सिंचनासाठीं ७८. उरलेले तीन कोटि जिल्ह्यास पन्नास लाख या हिशेबानें तातडीच्या मदतीचे. शेतकऱ्याच्या खात्याशीं सरळ संबंध असलेली मोठी रक्कम म्हणजे व्याजाची. आणि तेंहि माफ झालें तें बँकेच्या वहींतलें थकलेलें व्याज. मुद्दल माफ झालें नाहीं. तें तीन ते पांच वर्षांत फेडावयाचें, पहिलें वर्ष सवलतीचें, असें ठरलें. व्याज माफ झाल्यामुळें शेतकरी नव्या कर्जास पात्र झाला, हा लाभ लहान नव्हे. परंतु सावकाराच्या वहीला या घोषणेचा स्पर्शहि झाला नाहीं, आणि वऱ्हाडांतील अडल्यानडल्याचें कर्ज पुष्कळदां त्याच वहींत असतें.

यांत कोणी खोटें बोललें काय? नाहीं, आणि हीच या कारभाऱ्याच्या विद्येची खुबी आहे. वरील प्रत्येक रक्कम सरकारी पत्रकांत होती. ज्यास पाहिजे त्यानें बेरीज-वजाबाकी करावी. पण मथळ्यास एकच आंकडा लागतो, आणि कोणता आंकडा मथळ्यास द्यावा हें पत्रक लिहिणारा जाणतो. पाटबंधाऱ्यांचे २,१७७ कोटि पाटबंधारे-खात्याच्या अंदाजपत्रकांत दाखविले असते तर तीं कामें तशींच झालीं असतीं. पण मग मथळा दीड हजार कोटींचा झाला असता. चालू कामें नव्या घोषणेंत मिळविणें, तीन वर्षांचा खर्च एका दिवशीं सांगणें, कर्ज आणि अनुदान एकाच बेरजेंत घालणें, हे या धंद्यांतले नित्याचे हातखंडे आहेत. शाळेंत गणित शिकणाऱ्या मुलानें आंबे आणि गाड्या एकत्र मिळविल्या तर त्यास गुण मिळत नाहींत.

दोन वर्षांनीं, २९ फेब्रुवारी २००८ रोजीं, अर्थमंत्री चिदंबरम् यांनीं देशभराच्या कर्जमाफीची घोषणा केली. आंकडा होता साठ हजार कोटींचा; पुढें तो ७१,६८० कोटींवर गेला; प्रत्यक्षांत जो लाभ देण्यांत आला तो सुमारे ५२,५१६ कोटींचा होता. तिन्ही आंकड्यांपैकीं लोकांच्या स्मरणांत पहिले दोनच राहिले. या माफींत अट होती. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पांच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यास पूर्ण माफी. त्याहून अधिक असणाऱ्यास त्यानें उरलेली रक्कम आधीं भरल्यास कांहीं सूट. जेथें कालव्याचें पाणी आहे तेथें पांच एकरांचा धनी बऱ्यापैकीं खाऊनपिऊन असतो. भातकुलीची गोष्ट निराळी. हा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांतला. जमिनीखालचें पाणी खारट, विहीर खोदून ओलित होण्याची आशा थोडी, सगळी भिस्त पावसावर. अशा ठिकाणीं आठ-दहा एकरांचा मालकसुद्धां गरीबच असतो. पण सात-बाराच्या उताऱ्यावर तो ‘मोठा’ ठरला. चर्मांकच्या ताम्रपटांतील अटी दान घेणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं वाचल्या. २००८ ची अट वऱ्हाडांतील पुष्कळांना सोसायटीच्या गटसचिवाकडून यादी लागल्यावर कळली. पुढें मार्च २०१३ मध्यें महालेखापालांचा अहवाल संसदेपुढें आला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकीं २०,२१६ खात्यांत, म्हणजे पांचांतील एकाहून अधिक खात्यांत, कांहीं ना कांहीं चूक आढळली. अपात्रांना लाभ मिळाला होता आणि पात्र असून वगळलेलेहि सांपडले. त्या दिवशींचे मथळे घोषणेच्या दिवशींइतके ठळक नव्हते.

हा एकाच पक्षाचा दोष आहे असा समज कोणीं करून घेऊं नये. जून २०१७ मध्यें दुसऱ्या पक्षाच्या राज्य सरकारनें ३४,०२२ कोटि रुपयांची आणि ८९ लक्ष शेतकऱ्यांची माफी जाहीर केली. छाननी होतां होतां लाभ घेणाऱ्यांची संख्या जाहीर आंकड्याच्या निम्म्याच्या आसपास आली. ‘जलयुक्त शिवार’ या योजनेचें नांव तर इतकें सुंदर कीं, ऐकतांच ओल जाणवावी. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करावयाचा हें तिचें ब्रीद. गांवोगांवीं नाल्यांचें रुंदीकरण झालें, पाण्यानें भरलेल्या चरांचीं चित्रें छापून आलीं, कांहीं गांवांस खराच लाभ झाला. परंतु ९,६३३ कोटींहून अधिक खर्च झाल्यावर महालेखापालांनीं २०२० मध्यें असा अभिप्राय दिला कीं, गांवें पाण्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण करण्यावर आणि भूजलाची पातळी वाढविण्यावर या योजनेचा परिणाम अल्पच झाला. पावसाळ्याच्या अखेरीस काढलेलें चित्र मार्गशीर्षांत खरें असतें, वैशाखांत नसतें. आणि चित्रावर तिथि छापण्याची चाल नाहीं.

आतां या कारभाऱ्यास गांवापर्यंत हात कसा पोंचवितां येतो, हें सांगणें अवश्य आहे. कारण दिल्ली-मुंबईचा सल्लागार कितीहि चतुर असला तरी तालुक्याच्या वार्ताहरावांचून त्याचें काम अडतें. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. मिळणारें मानधन पेट्रोलास पुरत नाहीं, आणि त्याच्याकडून बातम्यांबरोबर जाहिरातींचीहि अपेक्षा असते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी, सणाच्या शुभेच्छा, योजनेच्या वर्धापनदिनाचें पान, या जाहिरातींवर त्याचें कमिशन ठरलेलें. ज्याच्याकडून पुरवणी मिळवावयाची त्याच्या योजनेची चौकशी करणें हें कोणालाहि जड जाईल. तशांत जिल्हा माहिती कार्यालयाचें पत्रक आयतें हातीं येतें. मथळ्यासह, छायाचित्रासह, लाभार्थ्याच्या दोन कृतज्ञ वाक्यांसह. हें ‘यशोगाथा’ नांवाचें नवें वाङ्मय आहे. त्यांतील शेतकरी नेहमीं हंसतमुख असतो, त्याच्या शेजारीं उभा असलेला शेतकरी चित्राच्या चौकटीबाहेर असतो. संध्याकाळीं उशिरां आलेलें पत्रक तपासण्यास वेळ नसतो, कोरें पान सोडतां येत नाहीं, आणि सकाळीं तेंच पत्रक बातमी होऊन गांवांत येतें. यांत वार्ताहरास दोष देणें सोपें आहे. त्याचें पोट कोण भरतें, हें विचारणें अवघड आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा आणि अंतरगांव या गांवांचें उदाहरण या संबंधांत विसरतां येण्याजोगें नाहीं. ऑगस्ट २००८ मध्यें एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर आवृत्तींत या गांवांवर पानभर मजकूर आला : नव्या जातीच्या कपाशीनें तेथें सुबत्ता आली असून आत्महत्या झालेल्या नाहींत. तीन वर्षांनीं, जैव-तंत्रज्ञानाच्या नियंत्रणासंबंधींचें विधेयक संसदेसमोर येण्याच्या सुमारास, तोच मजकूर पुन्हां छापला गेला. या वेळीं बियाणें-कंपनीची जाहिरात म्हणून. मार्च २०१२ मध्यें संसदेची कृषिविषयक समिति भांबराज्यास गेली तेव्हां गांवकऱ्यांनीं तिला गांवांतल्या चौदा आत्महत्या सांगितल्या. हा सर्व प्रकार पी. साईनाथ यांनीं उजेडांत आणला. बातमी आणि जाहिरात यांच्यामधली भिंत पडली कीं धोरणाचा प्रचार कोण करतो, सरकार कीं व्यापारी, हेंहि वाचकास समजेनासें होतें. २००९ च्या विधानसभा-निवडणुकींत तर तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर परस्परांशीं स्पर्धा असलेल्या मराठी दैनिकांत जवळजवळ अक्षरशः सारखा आला. तें प्रकरण निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. आयोगानें जुलै २०१४ मध्यें खर्चाच्या हिशेबाबद्दल दिलेला प्रतिकूल निर्णय पुढें दिल्ली उच्च न्यायालयानें रद्द केला. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण तेथें मिटलें. तो मजकूर कोणाच्या लेखणींतून उतरला, हें मात्र वाचकांस कळलें नाहीं.

असें असलें तरी सरकारनें आपलें धोरण लोकांस समजावून सांगूंच नये, असें म्हणणें वेडेपणाचें होईल. जी योजना कोणास ठाऊक नाहीं तिचा लाभ कोणासहि मिळत नाहीं. वऱ्हाडचेच सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतां संकरित ज्वारीचा प्रचार त्यांनीं गांवोगांव केला, आणि १९६५ सालीं पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर जाहीर केलें कीं, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यांत स्वावलंबी झाला नाहीं तर आपणास फांशी द्यावें. तें भाकीत कितपत खरें झालें याबद्दल मतभेद आहेत. १९७२ च्या दुष्काळानें अनेक हिशेब चुकविले. परंतु त्या प्रचारांत बोलणारा समोर उभा होता, मुदत सांगत होता, आणि मुदत संपल्यावर त्यास जाब विचारतां येत होता. सल्लागाराचें तसें नाहीं. त्यानें लिहिलेला शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघतो, दुसऱ्याच्या नांवानें छापला जातो. आंकडा चुकला तर मंत्री बदलतो, सल्लागार नव्या मंत्र्याकडे जातो.

नभोवाणीच्या श्रोत्यांस एका जुन्या प्रयोगाची आठवण येथें करून देणें उचित आहे. १९५६ च्या आरंभीं युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रानें पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशें गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवण-मंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, असे एकंदर वीस झाले. गांवकरी एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि जें पटलें नाहीं किंवा समजलें नाहीं त्याचे प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांस उत्तरें मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान नुसता रेडिओ असलेल्या गांवांपेक्षां कितीतरी अधिक वाढलेलें आढळलें. सरकारचें म्हणणें तेथेंहि सांगितलें जातच होतें, बियाणें आणि खतें यांचा प्रचार होतच होता. परंतु उलट प्रश्न येणार हें सांगणाऱ्यास ठाऊक होतें, आणि त्या धाकानें आंकडे जपून वापरले जात. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते पांच जिल्हे. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. भातकुलीस प्रश्न पाठविण्याची पाळी त्या फेरींत आली नाहीं.